वर नेणारा आणि सुखरूप खाली आणणारा : जाँ-आंत्वान कॅरेल

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात चिंबोराझो नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याची उंची ६,२६३ मीटर. एव्हरेस्ट त्याच्याहून पुष्कळ उंच आहे हे खरे. पण आपली पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगीर असल्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूर असलेली जागा म्हणजे या चिंबोराझोचा माथा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर हाच जगातला सर्वात उंच पर्वत आहे असे विद्वान मंडळी मानत असत.

या पर्वताच्या अंगावर, सुमारे ४,८५० मीटर उंचीवर, गिर्यारोहकांसाठी बांधलेले एक निवाऱ्याचे घर आहे. त्याला कॅरेल बंधूंचे नाव दिलेले आहे. खरे तर ते सख्खे भाऊ नव्हते, चुलत होते. दोघेही इटलीतल्या एका लहानशा डोंगरी गावचे शेतकरी-शिकारी कुटुंबातले. त्यांपैकी थोरले जाँ-आंत्वान कॅरेल यांची जीवनकथा आज आपण पाहणार आहोत. ते कोणी संत नव्हते. स्वभावाने मानी, थोडे हट्टी, आणि शब्दाला कधी कधी अडणारे असे ते गृहस्थ होते. परंतु आयुष्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी जे केले, त्यामुळे आल्प्स पर्वतातली माणसे आजही त्यांचे नाव आदराने घेतात.

मॅटरहॉर्नच्या सावलीत

जाँ-आंत्वान यांचा जन्म १६ जानेवारी १८२९ रोजी इटलीच्या वायव्य टोकाला, आओस्ता खोऱ्यातल्या वालतूर्नांश या गावी झाला. हा सारा मुलूख कॅथलिक. लोकांची बोली फ्रेंचच्या जवळची. गाव खोल दरीत, आणि दरीच्या वरच्या टोकाला मॅटरहॉर्न, म्हणजे इटालियन लोकांचा चेर्विनो, पहारेकऱ्यासारखा उभा. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांत न्यायची, हिवाळ्यात बर्फात अडकून बसायचे, मधल्या काळात रानबकऱ्यांची शिकार करायची, असे तिथले जीवन.

तरुणपणी ते सैन्यात गेले. बेर्साल्येरी नावाच्या चपळ पायदळात त्यांनी नोकरी केली आणि इटलीच्या एकीकरणाच्या लढायांत भाग घेतला. त्यामुळे गावात त्यांना बेर्साल्येर हेच नाव पडले. सैन्यातून ते दोन गोष्टी घेऊन आले : शिस्त, आणि आपल्या देशाचा कडवा अभिमान.

मॅटरहॉर्नवर तेव्हा कोणीही चढले नव्हते. तो चढण्याजोगाच नाही असे बहुतेकांचे मत होते. कॅरेल यांना मात्र ते कधीच पटले नाही. १८५७ साली त्यांनी आपल्या एका नातलगाबरोबर आणि गावच्याच आमे गोरे या तरुणाबरोबर इटलीच्या बाजूने पहिला प्रयत्न केला. हा आमे गोरे तेव्हा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत होता. तिघे फार वर पोहोचले नाहीत, पण कॅरेल यांच्या मनात त्या दिवशी एक गाठ पक्की बसली. हा डोंगर आपल्या गावाचा आहे, तेव्हा तो आपल्या गावच्या माणसांनी आणि आपल्याच बाजूने चढायचा.

तीन दिवसांचे अंतर

पुढे एडवर्ड व्हिम्पर नावाचा एक तरुण इंग्रज चित्रकार तिथे आला. त्यालाही याच शिखराचा ध्यास लागला. दोघांनी मिळून काही प्रयत्न केले. व्हिम्पर यांनी कॅरेल यांचे कौशल्य ओळखले होते. खडकावर त्यांच्या तोडीचा माणूस नाही हे ते मोकळेपणाने मान्य करत. पण दोघांच्या मनात एकच शिखर होते, आणि तिथे पहिला तर एकच जण होऊ शकतो.

जुलै १८६५ मध्ये व्हिम्पर पुन्हा आले. त्यांना वाटले, कॅरेल आपल्याबरोबर येणार. प्रत्यक्षात कॅरेल यांनी एका इटालियन भूगर्भतज्ज्ञाशी, फेलिचे जोर्दानो यांच्याशी, गुपचूप करार केलेला होता. एके दिवशी सकाळी व्हिम्पर यांना कळले की कॅरेल आपली माणसे घेऊन डोंगराकडे निघूनही गेले. आपली फसवणूक झाली या भावनेने ते तडक खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाट गावी गेले, तिथे जमेल तशी सात जणांची तुकडी उभी केली आणि दुसऱ्या बाजूने, १४ जुलै १८६५ रोजी, शिखरावर पोहोचले.

वरून त्यांनी खाली पाहिले तेव्हा इटलीच्या बाजूच्या कड्यावर, खूप खाली, माणसांचे ठिपके दिसत होते. ते कॅरेल होते. आपण जिंकलो हे त्यांना कळावे म्हणून व्हिम्पर आणि सोबत्यांनी ओरडून हाका मारल्या, दगड खाली लोटले. आठ वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो दुसऱ्याच्या हाती गेलेला कॅरेल यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. ते मुकाट्याने माघारी फिरले.

त्याच दिवशी उतरताना व्हिम्पर यांच्या तुकडीवर मोठे संकट कोसळले. एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चार जण कड्यावरून खाली गेले. शिखर मिळाले, पण त्या विजयाची चव व्हिम्पर यांच्या जिभेवर आयुष्यभर कडूच राहिली.

इकडे वालतूर्नांशमध्ये सगळे खचले होते. आता वर जाऊन काय उपयोग, असे सोबत्यांना वाटू लागले. अशा वेळी पुढे आला तो आमे गोरे. तो आता धर्मगुरू झाला होता. गावाची अब्रू राखायची असेल तर आपल्या बाजूने वाट आहे हे सिद्ध केलेच पाहिजे, असे म्हणून फादर गोरे स्वतःच चढाईला तयार झाले. कॅरेल, जाँ-बाप्तिस्त बिक, मेने नावाचा आणखी एक गावकरी आणि फादर गोरे असे चौघे १६ जुलैला निघाले.

१७ जुलैला ते माथ्याच्या अगदी जवळ पोहोचले. तिथे एक अवघड घळ आडवी आली. तीत उतरता येत होते, पण परत वर यायचे तर वरून कोणीतरी दोर धरून थांबणे भाग होते. फादर गोरे आणि मेने थांबले. शिखर हाकेच्या अंतरावर असताना, दोघांना सुखरूप परत येता यावे म्हणून दोघांनी आपला वाटा सोडून दिला. कॅरेल आणि बिक माथ्यावर जाऊन आले. इंग्रजांनंतर तीन दिवसांनी, पण कितीतरी अवघड वाटेने.

मॅटरहॉर्नच्या इतिहासात पहिले नाव व्हिम्पर यांचे येते. दुसरे कॅरेल यांचे. दोर धरून बसलेल्या त्या धर्मगुरूचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

वैर विरले

ही गोष्ट इथे संपली असती तर ती दोन मानी माणसांच्या स्पर्धेची गोष्ट झाली असती. पण तसे झाले नाही. काळ गेला, मने निवळली. १८७४ साली व्हिम्पर पुन्हा मॅटरहॉर्नवर चढले तेव्हा त्यांच्याबरोबर कॅरेल आणि बिक होते. ज्याने आपल्याला फसवले असे एकाला वाटत होते आणि ज्याने आपले शिखर हिरावले असे दुसऱ्याला वाटत होते, ते दोघे एकाच दोराला बांधून घेऊन चालले. गिर्यारोहणात दोराला बांधून घेणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणे. तोंडाने क्षमा केली असे म्हणण्यापेक्षा ही गोष्ट जास्त अवघड आहे.

आणि १८७९ साली, जेव्हा व्हिम्पर यांनी इक्वेडोरच्या ज्वालामुखींची मोहीम ठरवली, तेव्हा त्यांनी सोबतीला जाँ-आंत्वान कॅरेल यांनाच घेतले. बरोबर त्यांचे चुलतभाऊ लुई कॅरेल होते. जाँ-आंत्वान तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

चिंबोराझोची चढाई

डिसेंबर १८७९ मध्ये तिघे इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात उतरले. व्हिम्पर यांना नुसते शिखर नको होते. उंचावरच्या विरळ हवेचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, तिथे माणूस काम करू शकतो का, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी पाऱ्याचे नाजूक वायुभारमापक बरोबर घेतलेले. काचेच्या नळ्या असलेले हे यंत्र पाठीवर घेऊन कडे चढायचे म्हणजे तान्हे मूल कडेवर घेऊन चढण्यासारखेच.

सुमारे ५,०८० मीटरवर दुसरा तळ पडला आणि पहिल्याच रात्री तिघेही आजारी पडले. डोके फुटेल असे दुखू लागले, ताप चढला, तोंड उघडे ठेवून धापा टाकल्याशिवाय श्वास पुरेना. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. गंमत अशी की दुभाषी म्हणून आलेला, एरवी फारसा धडधाकट नसलेला सोबती मात्र ठणठणीत राहिला. व्हिम्पर यांनी औषध घेतले. जाँ-आंत्वान यांचा औषधांवर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांच्या मते कुठल्याही दुखण्यावर तांबडी वाईन हाच उतारा, आणि ती साखर-मसाला घालून गरम केलेली असेल तर उत्तमच. काही दिवसांनी शरीरे सरावली. आधी बरे झालेले दोघे कॅरेल पुढची वाट शोधायला गेले आणि दमून भागून अंधार पडल्यावर परतले.

ज्वालामुखीचा डोंगर चढणे हे एक वेगळेच प्रकरण असते. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्याच थरांचा बनलेला आहे, त्यामुळे पावसाळ्यानंतर निसटणारा मुरूम आणि हाताला लागताच सुटून येणारा दगड आपल्याकडच्या डोंगर चढणाऱ्यांना नवा नाही. चिंबोराझोवर त्यात बर्फाची भर. लाव्हा आणि राखेचे एकावर एक थर. लाव्हा टणक, राख ठिसूळ. बर्फ वितळून फटींत पाणी जाते, रात्री ते गोठून फुगते आणि खडक भेगाळतो. दिवसा ऊन लागले की दगड सुटू लागतात. अशा खडकावर हातांचा आधार घेत चढताना एक नियम पाळावा लागतो : दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत, एकच हलवायचा. धरण्यापूर्वी दगड ठोकून पाहायचा. ओढायचा नाही, त्यावर भार द्यायचा. बर्फ लागला की कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायच्या. तळाला खिळे ठोकलेले बूट, लाकडी दांड्याची कुऱ्हाड आणि दोर, एवढीच त्या काळची सामग्री.

तिसरा तळ सुमारे ५,२७० मीटरवर, खडकाळ सोंडेवर होता. ४ जानेवारी १८८० च्या पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी तिघे निघाले. सोंडेवरचा खडक, मग कड्यांमधली फट, मग बर्फाचा उतार. अकरा वाजेपर्यंत त्यांनी चांगलीच मजल मारली होती आणि माथा आता हाती आलाच असे वाटत होते. चिंबोराझोला एकाहून अधिक शिखरे आहेत. त्यांच्यामधल्या सपाटीवर ते आले आणि पाय कमरेपर्यंत आत जाऊ लागले. तिथला बर्फ पिठासारखा भुसभुशीत होता. उभे राहणे अशक्य. मग त्यांनी पुढचा बर्फ बडवून बडवून घट्ट करायचा आणि त्यावरून चौघडी घातलेल्या जनावरासारखे हातापायांवर रांगत जायचे असे सुरू केले. थोडेसे अंतर काटायला तास तासभर लागत होता.

एका माथ्यावर पोहोचले तर शेजारचा जास्त उंच! त्या विरळ हवेत, दमलेल्या शरीराने, पुन्हा खाली उतरून पुन्हा रांगत दुसरा माथा गाठायचा होता. माघारी फिरायला ते कारण पुरेसे होते. कोणी नावे ठेवली नसती. तिघे गेले. दुपारी पावणेचार वाजता ते चिंबोराझोच्या सर्वोच्च माथ्यावर उभे राहिले. तिथवर पोहोचलेली ती पहिली माणसे. गोठवणाऱ्या वाऱ्यात वायुभारमापक उभा करून त्यांनी मोजमाप घेतले. त्यावरून काढलेली उंची आजच्या उंचीच्या अगदी जवळची आहे.

पाच वाजून गेल्यावर उतरायला सुरुवात झाली. विषुववृत्तावर सहा-साडेसहाला झटकन अंधार पडतो. तो अवघड खडकाचा भाग त्यांनी पडत्या उजेडात कसाबसा पार केला आणि रात्री नऊच्या सुमारास तळ गाठला. जवळपास सोळा तास ते डोंगरावर होते. लुई यांच्या पायांना हिमदंश झाला होता. पण तिघेही परत आले होते.

इलिनिझा आणि इतर शिखरे

त्यानंतर सहा महिने ही मंडळी एकामागून एक ज्वालामुखी चढत राहिली. फेब्रुवारीत कोटोपाक्सी. त्याच्या धुमसत्या मुखाजवळ त्यांनी तंबू ठोकून सव्वीस तास मुक्काम केला. खालची राख इतकी तापलेली की तंबूची जमीन गरम लागत होती. पुढे अँतिसाना आणि कायाम्बे.

या सर्वांत उंचीने लहान पण चढायला सर्वात दांडगट म्हणजे इलिनिझा. जोडशिखरे असलेला हा जुना, झिजलेला ज्वालामुखी. दक्षिणेकडचे शिखर ५,२४८ मीटर. उभे तुटके कडे, अरुंद धार आणि वर लटकणारा बर्फ. व्हिम्पर यांनी इथे प्रयत्न केला, पण माथा त्यांना मिळाला नाही. ४ मे १८८० रोजी जाँ-आंत्वान आणि लुई असे दोघेच तिथे गेले आणि दक्षिण शिखरावर पोहोचून सुखरूप परत आले. पंधरा वर्षांपूर्वी मॅटरहॉर्नवर व्हिम्पर आधी पोहोचले होते. इथे कॅरेल पोहोचले आणि व्हिम्पर राहिले. व्हिम्पर यांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, दोघांचे श्रेय दोघांना दिले. तरुणपणीची ईर्षा तोवर निवली होती.

चिंबोराझोवर खरोखर चढले का, अशी शंका काही जणांनी काढली, तेव्हा ३ जुलै १८८० रोजी ते दुसऱ्या वाटेने पुन्हा चढले. या वेळी बेल्त्रान आणि कांपान्या हे दोन इक्वेडोरचे रहिवासी बरोबर होते. त्याच सकाळी सुमारे १०० किलोमीटरवरच्या कोटोपाक्सीचा उद्रेक झाला. राखेचा काळा ढग आकाशात उंच चढला, पसरत आला आणि शिखरावरच्या शुभ्र बर्फावर राख पडू लागली.

शेवटची उतरण

मायदेशी परतल्यावर जाँ-आंत्वान पुन्हा वाटाड्याचे काम करू लागले. ऑगस्ट १८९० मध्ये ते एकसष्ट वर्षांचे होते. तूरिन शहरातला लेओने सिनिगाल्या नावाचा बावीस वर्षांचा तरुण मॅटरहॉर्न चढण्यासाठी आला. कॅरेल आणि त्याच खोऱ्यातले शार्ल गोरे असे दोघे त्याच्याबरोबर निघाले. २३ ऑगस्टला ते कड्यावरच्या निवाऱ्यात पोहोचले. रात्री वादळ सुरू झाले. वीज, गारा, बर्फ. दुसरा दिवस तसाच गेला. सरपण संपत आले. थांबले तर थंडीने मरण, निघाले तर वाटेत मरण्याची भीती.

२५ ऑगस्टच्या सकाळी कॅरेल यांनी उतरायचे ठरवले. वाट बर्फाखाली गडप झालेली, दोर गोठून काठीसारखे ताठ झालेले. पण तो कडा त्यांना पाठ होता. तेहेतीस वर्षे ते त्यावर चढत-उतरत होते. कुठे पाय ठेवायचा, कुठे दोर बांधायचा, कोणी आधी उतरायचे, हे सगळे तेच सांगत होते. तास उलटत गेले. रात्र पडली. वादळ थांबले नाही. कॅरेल यांची शक्ती ओसरत चालली होती, तरी सगळे अवघड टप्पे संपेपर्यंत त्यांनी पुढारपण सोडले नाही.

अखेर कड्याचा धोक्याचा भाग संपला. खाली कुरणे आली. आता कोणीही उतरू शकेल अशी वाट उरली होती. तिथे जाँ-आंत्वान कॅरेल खाली कोसळले. सोबत्यांनी त्यांना उठवण्याचा, ऊब देण्याचा खूप प्रयत्न केला, पण २५ आणि २६ ऑगस्टच्या मधल्या त्या रात्री त्यांनी प्राण सोडला. ज्यांची जबाबदारी घेतली होती ते दोघे वाचले होते.

तो तरुण सिनिगाल्या पुढे नामवंत संगीतकार झाला. आपल्या भागातली लोकगीते त्याने जमवली, त्यांना स्वरसाज दिला. तो ज्यू होता. १९४४ साली तूरिनमध्ये त्याला अटक करायला माणसे आली, तेव्हा तो हृदयविकाराने गेला. पण त्याला मिळालेली मधली चौपन्न वर्षे आणि त्या वर्षांतले सारे संगीत त्या वादळी रात्रीतून कॅरेल यांनी खाली आणले होते, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

जिथे ते कोसळले तिथे एक क्रूस उभारलेला आहे. कॅरेल यांचा क्रूस म्हणूनच लोक ती जागा ओळखतात. मॅटरहॉर्नकडे इटलीच्या बाजूने जाणारे त्याच्या जवळून जातात.

जाँ-आंत्वान यांना आयुष्यात एक गोष्ट फार हवी होती : पहिला होणे. मॅटरहॉर्नवर ती मिळाली नाही. चिंबोराझोवर आणि इलिनिझावर मिळाली, पण वयाच्या पन्नाशीत, परक्या देशात. आणि लोक त्यांना आठवतात ते मात्र या कशासाठीच नाही, तर एका उतरणीसाठी. आपल्याही घरात, गावात अशी माणसे असतात. मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण सोडलेला मोठा भाऊ, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी आई, वादळात होडी किनाऱ्याला लावून मगच खाली बसणारा तांडेल. फादर गोरे यांनी घळीच्या काठावर दोर धरला, तसा त्यांनी आपला दोर धरलेला असतो. वर पोहोचलेल्याने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहावे.